लॅपटॉपची स्मृती : किती, कोणती आणि केव्हा



या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता अगदी लहान आहे. घरात एक लॅपटॉप आहे, तो मंदावला आहे. त्यात आणखी स्मृती, म्हणजे दुकानात जिला सर्रास 'रॅम' म्हणतात ती, घालावी की घालू नये, आणि घालावयाची तर किती व कोणती, एवढाच काय तो प्रश्न. परंतु ज्या घरात मोठी म्हणावी अशी खरेदी वर्षातून एकदाच होऊ शकते, त्या घरी हा प्रश्न लहान राहत नाही. तेथे चुकीची वस्तू घेतली तर पैसा जातोच, पण ज्या कामासाठी ती घ्यावयाची ते कामही अडून बसते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. ते भिलाईच्या रुआबांधा सेक्टरात आहे असे समजावे. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभा राहिला. त्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या राज्यात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-नागपूर-हावडा हा लोहमार्गही दुर्ग-भिलाईवरूनच जातो. कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून येऊन येथे स्थिरावलेली मराठी घरे आहेत, त्यांपैकीच हे एक. वडील रेल मिलमध्ये नोकरीस, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. मुलगी दुर्गच्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. घरातील लॅपटॉप २०१९ मध्ये घेतलेला. त्यात ४ जीबी स्मृती आणि जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क.

मुलीचा प्रकल्प महिन्याभरात सादर करावयाचा आहे. प्रोग्रॅम लिहावयाची खिडकी उघडली, शेजारी ब्राउझरमध्ये दहा पाने उघडली आणि तेवढ्यात ऑनलाइन तासिका सुरू झाली की यंत्र गोठल्यासारखे होते. कळ दाबावी आणि अक्षर उमटण्याची वाट पाहत बसावे, अशी स्थिती. सुपेल्यातील एका दुकानदाराने सांगितले, हा जुना झाला, नवा घ्या. दुसऱ्याने सांगितले, १६ जीबीची रॅम टाका, पाखरासारखा उडेल. ओळखीतील एकाने सांगितले, फॉरमॅट करा, बाकी काही नको. तीन माणसांनी तीन सल्ले दिले. परंतु त्यांपैकी एकानेही यंत्र उघडून पाहिले नाही की त्यात काय कमी पडते आहे हे मोजले नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, सोळाची टाकून घेऊ या, म्हणजे प्रश्नच मिटेल."

वडील म्हणाले, "मिलमध्ये ड्रॉइंग पाहिल्याशिवाय आम्ही साधा बेअरिंगसुद्धा मागवत नाही. आधी कळू दे, बसतो कोणता आणि मोडलंय काय."

या एका वाक्यात या विषयाचे सारे मर्म आले आहे. स्मृतीची खरेदी दुकानात होत असली, तरी तिचा निर्णय घरीच, यंत्रासमोर बसून, वही हाती घेऊन करावयाचा असतो.

स्मृती म्हणजे काय

लॅपटॉपमध्ये माहिती दोन ठिकाणी राहते. हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कोठाराची जागा. वीज गेली तरी तेथील माहिती टिकते. रॅम ही कामाची जागा. ज्या मजकुरावर, चित्रावर किंवा प्रोग्रॅमवर या क्षणी काम चालू आहे, तो तेथे आणून ठेवलेला असतो. वीज बंद होताच ती जागा कोरी होते. रेल मिलचे उदाहरण घेतल्यास हा भेद चटकन समजतो. पोलादाचे ठोकळे आवारात रचलेले असतात, पण रोलिंग होते ते तापभट्टीतून तयार होऊन आलेल्या ठोकळ्यांचे. आवार कितीही विस्तीर्ण असले आणि रोल कितीही बलवान असले, तरी भट्टीत चारच ठोकळे मावत असतील तर रोल रिकामे फिरत राहणार. येथे आवार म्हणजे डिस्क, रोल म्हणजे प्रोसेसर आणि भट्टी म्हणजे रॅम.

आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएम या कंपनीतील शास्त्रज्ञ रॉबर्ट डेनार्ड यांची. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक अंक साठविण्याच्या त्यांच्या योजनेला १९६८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठविणारी इवलीशी कुपी. ती भरलेली असेल तर एक, रिकामी असेल तर शून्य. मात्र ही कुपी गळकी असते. म्हणून तीत काय आहे ते वाचून ती पुनःपुन्हा भरावी लागते. सामान्यतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, स्मृतीतील प्रत्येक ओळ अशी ताजी केली जाते. उष्णता वाढली की गळती वाढते. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास हे काम दुप्पट वेगाने करावे लागते. मे महिन्यात जेथे खोलीचीच हवा चाळिशीच्या वर असते, तेथे लॅपटॉपचा पंखा आणि हवेच्या खाचा धुळीने बुजू न देणे हे स्मृतीच्या आरोग्याशीही निगडित आहे, ते असे.

या जागेचे मोल पूर्वीच्या लोकांनी किती जाणले होते, हे पाहण्यासाठी मुंबईपर्यंत जावे लागेल. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय तंत्रज्ञांनी एक संगणक घडविला. तो १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तीत प्रत्येकी ४० अंकांचे थोडेच शब्द मावत. आजच्या मापाने ती अवघी काही किलोबाइट भरते. रुआबांध्याच्या त्या घरातील, आता अपुरी वाटणारी ४ जीबीची स्मृती तिच्या लाखो पट आहे. तरीही टिफ्रॅकवर शास्त्रज्ञ गंभीर गणिते करीत, कारण प्रत्येक शब्दाची जागा ते मोजूनमापून वापरीत. आजचे प्रोग्रॅम तसे मोजून लिहिलेले नसतात. ब्राउझरमधील एकेक पान शेकडो मेगाबाइट अडवून बसते. म्हणून मोजण्याचे काम आता वापरणाऱ्याकडे आले आहे.

पहिला प्रश्न : उणीव खरोखर स्मृतीचीच आहे काय?

यंत्र मंद होण्याची कारणे अनेक. प्रोसेसर थकलेला असू शकतो, डिस्क मंद असू शकते, पंखा धुळीने भरून यंत्र तापत असू शकते, नको असलेले प्रोग्रॅम पाठीमागे चालू असू शकतात. यांपैकी एकाच कारणावर रॅम हा उपाय आहे.

विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. लिनक्सवर 'फ्री' ही आज्ञा तेच सांगते. यंत्र निवांत असताना हे पाहण्यात अर्थ नाही. ते अडखळत असते त्याच वेळी पाहावे, आणि निदान तीन वेळा वहीत टिपून ठेवावे : यंत्र सुरू केल्यानंतर, नेहमीचे काम चालू असताना आणि यंत्र गोठले असताना.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. स्मृती भरलेली दिसली म्हणजे ती अपुरीच आहे, असे नव्हे. रिकामी पडून राहिलेली स्मृती काही कामाची नसते. म्हणून यंत्र पुढे लागेल असा मजकूर आधीच आणून तीत ठेवते आणि गरज पडताच ती जागा मोकळी करून देते. पाहावयाचा आकडा 'अव्हेलेबल', म्हणजे मिळू शकणाऱ्या स्मृतीचा. तो काही शे मेगाबाइटपर्यंत घसरला असेल आणि त्याच वेळी डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना चिकटलेला असेल, तर उणीव स्मृतीची आहे असे समजावे. कारण जागा संपली की यंत्र कमी वापरातला मजकूर उचलून डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. सारा वेळ या ने-आणीत जातो.

ही ने-आण किती महाग पडते, याचा अंदाज असा करता येईल. स्मृतीतून एक मजकूर मिळण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर त्याच प्रमाणात एसएसडीतून तो मिळण्यास सुमारे सतरा मिनिटे लागतील आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून मिळण्यास एक पूर्ण दिवस उलटून जाईल. हे आकडे स्थूल आहेत; यंत्रागणिक ते बदलतात. परंतु अंतराची जात कळण्यास ते पुरेसे आहेत.

आता निष्कर्ष काढणे सोपे. प्रोसेसरचा आलेख शंभरावर आणि स्मृती मोकळी, तर रॅम घालून काहीही साधणार नाही. स्मृती मोकळी पण डिस्क शंभरावर, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा उपाय. स्मृती संपलेली आणि डिस्कही शंभरावर, तर आधी स्मृती. त्या घरातील वहीत तिसरी स्थिती आढळली. सुरू होतानाच ४ पैकी २.६ जीबी व्यापलेली, कामाच्या वेळी ३.७, आणि प्रोसेसर मात्र तिशीच्या खाली. रोल रिकामे फिरत होते.

दुसरा प्रश्न : यंत्र किती स्वीकारील?

सर्वच लॅपटॉपना स्मृती वाढविता येत नाही. पातळ आणि हलक्या बनावटीच्या पुष्कळ यंत्रांत रॅमच्या चिपा मदरबोर्डवर कायमच्या डाखलेल्या असतात. ॲपलच्या २०२० पासूनच्या एम मालिकेतील यंत्रांत तर स्मृती प्रोसेसरच्याच वेष्टनात बसविलेली असते. अशा यंत्रांबाबत जो निर्णय करावयाचा तो विकत घेतानाच. नंतर पश्चात्तापास जागा नाही. काही यंत्रांत दोन स्लॉट असतात. काहींत थोडी स्मृती डाखलेली आणि जोडीला एक स्लॉट, अशी मिश्र रचना असते.

टास्क मॅनेजर दोनपैकी किती स्लॉट भरलेले आहेत हे सांगतो. पण काही यंत्रांत डाखलेली स्मृतीही तो स्लॉट म्हणूनच मोजतो. म्हणून पडद्यावर विसंबून न राहता लॅपटॉपच्या पाठीवरील मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा आणि कंपनीने प्रसिद्ध केलेली त्या मॉडेलची सेवापुस्तिका पाहावी. वडिलांच्या भाषेत हेच ते ड्रॉइंग. पुस्तिकेत दिलेली कमाल मर्यादा कधी कधी ती छापली त्या काळी बाजारात मिळणाऱ्या पट्टीवरून लिहिलेली असते. प्रोसेसर त्याहून अधिक झेपवू शकत असेल. तरी ज्याला जोखीम नको, त्याने पुस्तिकेची मर्यादा ओलांडू नये.

फार जुन्या यंत्रांत आणखी एक भिंत असते. ज्या यंत्रावर ३२ बिटांची विंडोज चढविलेली आहे, तेथे पत्ता लिहिण्यास ३२ अंकच मिळतात. त्यांपासून सुमारे ४२९ कोटी पत्ते बनतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातलेही काही यंत्राच्या इतर भागांसाठी राखीव असतात. अशा यंत्रात ८ जीबीची रॅम घातली, तरी उरलेली न वापरताच पडून राहते. आधी ६४ बिटांची प्रणाली चढविता येते का, हे पाहावे.

रुआबांध्याच्या घरातील लॅपटॉपमध्ये ४ जीबी डाखलेली आणि एक स्लॉट रिकामा निघाला. पुस्तिकेनुसार त्या स्लॉटात १६ जीबीपर्यंतची पट्टी चालत होती.

तिसरा प्रश्न : कोणत्या जातीची?

रॅमच्या पिढ्या आहेत. डीडीआर-३ ही २००७ च्या सुमारास आली, डीडीआर-४ ही २०१४ मध्ये, डीडीआर-५ चे मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटात बसत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर-३ पट्टीला २०४ टोके असतात, डीडीआर-४ ला २६०, डीडीआर-५ ला २६२. आणि चूक होऊ नये म्हणून पट्टीच्या कडेची खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी ठेवलेली असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावावयाचा नसतो; ती चुकीची आहे, एवढाच त्याचा अर्थ. मेजावरच्या संगणकाची पट्टीही लॅपटॉपला चालत नाही. ती सव्वापाच इंचांची, तर लॅपटॉपची त्याच्या निम्मीच असते.

विद्युत्दाबही पाहावा लागतो. डीडीआर-३ पट्टी दीड व्होल्टवर चालते, तिचीच कमी दाबाची भावंडे १.३५ व्होल्टवर. त्या पिढीतील काही लॅपटॉप फक्त कमी दाबाचीच पट्टी घेतात. डीडीआर-४ चा दाब १.२ आणि डीडीआर-५ चा १.१ व्होल्ट.

राहिला वेग. पट्टीवर २४००, २६६६, ३२०० असे आकडे छापलेले असतात. सेकंदाला किती दशलक्ष वेळा देवघेव होते, याचा तो आकडा. प्रत्येक खेपेस ८ बाइट जातात. म्हणून ३२०० च्या पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५,६०० मेगाबाइट वाहू शकतात. परंतु निरनिराळ्या वेगांच्या दोन पट्ट्या एकत्र लावल्या तर दोन्ही सर्वांत संथ वेगाने चालतात; आणि यंत्राचाच वेग २४०० चा असेल, तर ३२०० ची पट्टीही तेथे २४०० नेच चालेल. वेगवान पट्टी लावण्यात सहसा हानी नाही, मात्र न मिळणाऱ्या वेगासाठी अधिक किंमत मोजण्यात शहाणपणही नाही. स्मृती कमी पडत असेल, तर संख्या वाढविण्याचा लाभ वेग वाढविण्याच्या लाभाहून कितीतरी मोठा असतो.

चौथा प्रश्न : किती, आणि एक की दोन?

विंडोज ११ चालण्यास ४ जीबी ही किमान अट आहे. किमान म्हणजे यंत्र सुरू होईल एवढेच; त्यावर सुखाने काम होईल असे नव्हे. पत्रव्यवहार, लेखन, जमाखर्च, ब्राउझर आणि ऑनलाइन तासिका यांसाठी ८ जीबी पुरते. प्रोग्रॅम लिहिणे, मोठी छायाचित्रे सुधारणे, एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र चालविणे, अशी कामे असतील तर १६ जीबी घ्यावी. ३२ जीबी आणि त्यापुढील मापे चित्रफितींचे संपादन, स्थापत्याची मोठी प्रतिरूपे आणि तत्सम कामांसाठी आहेत. ज्या घरी ८ पुरेशी आहे तेथे ३२ घातल्याने अक्षर अधिक वेगाने उमटणार नाही.

यंत्रात दोन वाटा असतील, तर दोन समान पट्ट्या लावल्याने दोन्ही वाटांनी माहितीची ने-आण होते आणि वाहतुकीची क्षमता दुप्पट होते. चित्रासाठी वेगळी चिप नसलेल्या लॅपटॉपमध्ये पडद्यावरची चित्रेही याच स्मृतीतून जातात. तेथे या दुहेरी वाटेचा फायदा विशेष जाणवतो. म्हणून दोन स्लॉट असल्यास १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या. मात्र पुढे आणखी वाढविण्याचा विचार असेल, तर एक स्लॉट रिकामा ठेवण्यालाही अर्थ आहे.

त्या घरापुढे तीन पर्याय होते. ४ ची पट्टी घातली तर एकूण ८ आणि दोन्ही वाटा सारख्या. पण त्यात पुढची दोन वर्षे निघतील का, ही शंका. १६ ची घातली तर एकूण २०. गरजेच्या मानाने फार. ८ ची घातली तर एकूण १२. यात पहिल्या ८ जीबीला दुहेरी वाट मिळते आणि उरलेली ४ एकेरी वाटेवर चालते. मोजमापाच्या वहीप्रमाणे तिच्या कामाची भूक सुमारे सहा ते सात जीबी होती. निर्णय ८ च्या पट्टीचा झाला.

खर्चाचा विचार

जगातील रॅमच्या चिपा मुख्यत्वे तीन कंपन्या बनवितात : दक्षिण कोरियातील सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेतील मायक्रॉन. मूठभर उत्पादक असल्यामुळे मागणी-पुरवठ्याच्या झोकांड्या ग्राहकाला थेट जाणवतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांनी स्मृती मोठ्या प्रमाणावर उचलली आणि घरगुती ग्राहकांसाठीच्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. अशा काळात 'थोडी जास्तच घेऊन ठेवू' हा विचार महाग पडतो आणि मोजून घेण्याचे महत्त्व वाढते.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे जुन्या यंत्रावर खर्च करण्यापूर्वी ते विंडोज ११ च्या अटीत बसते का, हे पाहणे आवश्यक झाले. इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत आहेत, त्याआधीचे फारच थोडे. यंत्र यादीत नसेल, तर त्यावर लिनक्स चालविता येते, आणि तेथेही वाढविलेली स्मृती उपयोगी पडतेच. रुआबांध्याचा लॅपटॉप आठव्या पिढीचा, म्हणजे उंबरठ्याच्या आत होता. तो नसता, तर कदाचित निर्णय निराळा झाला असता. बिजागरी मोडलेली, बॅटरी फुगलेली, पडदा गेलेला अशा यंत्रात नवी रॅम घालणे म्हणजे पडक्या घराला नवा दरवाजा लावणे होय.

वापरलेली पट्टी स्वस्त मिळते आणि रॅमला झिजणारे भाग नसल्याने ती घेण्यास हरकत नाही. परंतु परत करण्याची मुदत कागदावर लिहून घ्यावी. नवी घेताना पक्के बिल घ्यावे आणि पट्टीवरील अनुक्रमांक बिलावर नोंदवून घ्यावा. लॅपटॉप हमीच्या मुदतीत असेल, तर झाकण उघडल्याने हमी जाते की राहते, हे आधी विचारावे.

बसविणे आणि पारखणे

पट्टी बसविण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. यंत्र पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, झाकण उघडून बॅटरीची जोडणीही सोडवावी. कोरड्या हवेत अंगावर साचलेली स्थिर वीज चिपेला घातक ठरू शकते, म्हणून आधी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा. पट्टी कडांनी धरावी, सोनेरी टोकांना बोट लावू नये. खाच जुळवून ती तिरकी आत सरकवावी आणि हळूच खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या चापांचा टक असा आवाज झाला की ती बसली. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही क्षण काळा राहिला तरी घाबरू नये. यंत्र नव्या स्मृतीची ओळख करून घेत असते.

यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात. नव्या पट्टीतील एखादी कुपी सदोष असेल, तर यंत्र चालेल, पण कधीतरी मध्येच बंद पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे जतन केलेल्या मजकुरात नकळत चूक घुसेल. प्रकल्पाच्या आदल्या रात्री हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. यासाठी मेमटेस्ट-८६-प्लस हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो रात्रभर चालू ठेवावा. एकही चूक दाखविली, तर पट्टी परत करावी. स्मृतीच्या बाबतीत 'एखादी चूक चालायचीच' असे नसते.

त्या घरी वडील आणि मुलगी यांनी मिळून एका रविवारी पट्टी बसविली, रात्रभर तपासणी चालविली आणि सकाळी पुन्हा तीच वही उघडली. तीच कामे, तीच दहा पाने, तशीच तासिका. व्यापलेली स्मृती १२ पैकी ६.८ जीबी, डिस्कचा आलेख बहुतेक वेळ दहा टक्क्यांच्या आसपास. यंत्र सुरू होण्यास मात्र पूर्वीइतकाच वेळ लागत होता, कारण तो दोष हार्ड डिस्कचा; रॅमने तो जाणारच नव्हता.

"एसएसडी पण घ्यायची का बाबा?" मुलीने विचारले.

"घेऊ, पण दिवाळीनंतर," वडील म्हणाले. "सकाळी सुरू व्हायला तीन मिनिटं लागतात, तोवर चहा होतो. तुझं काम कशाने अडत होतं ते निघालं ना?"

काम अडत नव्हते. प्रकल्प सादर करावयास तीन आठवडे उरले होते, आणि नव्या लॅपटॉपसाठी कर्ज काढावे लागले नव्हते. वहीच्या त्या पानावर वडिलांनी मॉडेल क्रमांक, पट्टीची जात, वेग, अनुक्रमांक आणि बसविल्याची तारीख लिहून ठेवली. पुढे पाच वर्षांनी कोणी ते यंत्र उघडले, तर त्याला हे सारे पुन्हा शोधावे लागणार नाही.